एका हाताचं पाणी

राजिवड्यातल्या जैनुद्दीनला भित्रा म्हणणारे जेवढे लोक मला भेटले, त्यांतल्या एकाचंही डोकं कधी भरल्या खाडीच्या पाण्याखाली गेलेलं नाही. अंघोळ करताना डोक्यावर तांब्या ओतला की ज्यांचे डोळे गच्च मिटतात, ते धक्क्यावर बसून पाणबुड्याच्या हिमतीचं माप काढतात. मला हे ऐकवत नाही. मी मच्छीमार बोटींच्या इंजिनांचा मेस्त्री, नाव भिकाजी. माझी जीभ तिखट आहे हे सगळ्या मिरकरवाडा बंदराला ठाऊक आहे, तेव्हा इथं गोड बोलण्याचं नाटक करत नाही.

राजिवडा म्हणजे रत्नागिरीत भाट्याच्या खाडीकाठची मुसलमान दर्यावर्दींची वस्ती. जैनुद्दीन तिथलाच. बाप मासेमारी करायचा, धाकटा भाऊ सुलेमानही त्यातच. हा मात्र तरुणपणी मुंबईला गेला, गोदीत जहाजांचे तळ घासायला लागला, तिथंच पाण्याखाली श्वास घ्यायची नळी तोंडात धरायला शिकला आणि पुढं बहारीनला गेला. समुद्रातल्या पाइपलाइनी तपासायचं काम. त्र्याऐंशी साली परत आला. आखातातून परत येणारा माणूस टेपरेकॉर्डर आणतो, ब्लँकेट आणतो, बायकोला घड्याळ आणतो. जैनुद्दीनची बायको केव्हाच वारलेली, मूलबाळ नाही. त्यानं पेटी उघडली तर आत लोखंडी सिलिंडर दोन, रबरी नळ्या, कोपरावर ठिगळ लावलेला रबरी पोशाख आणि सिलिंडरात हवा भरायचा एक बुटका कॉम्प्रेसर. सगळी आळी बघायला जमलेली. एका म्हातारीनं विचारलं, "चुलीचा गॅस आनलास काय रे?" लोक महिनाभर हसत होते.

तो कॉम्प्रेसर बंद पडला म्हणून त्याची माझी ओळख झाली. इंजिन मी चालू करून दिलं, आणि त्यानं मला पहिल्याच दिवशी झापलं. हवा ओढायची नळी मी इंजिनाच्या धुराच्या बाजूला ठेवली होती. "ह्यो धूर मी खाली जाऊन खानार, तू नाय," म्हणाला. मला राग आला, पण चूक माझी होती. तेव्हापासून वारा कुठून येतोय ते बघून नळी लांब बांधायचं काम माझं झालं. सिलिंडर भरला की तो झडप थोडी उघडून हवेचा वास घ्यायचा, लग्नाच्या घरी आचारी आमटीचा घेतो तसा. वास पटला नाही तर भरलेला सिलिंडर सोडून द्यायचा. पुन्हा भरा.

त्याचं काम काय, तर बोटींचे पाण्याखालचे पंखे सोडवणं. त्या वर्षांत मिरकरवाड्याला ट्रॉलर भराभर वाढत होते आणि नायलॉनचं जाळंही. जाळ्याचा तुकडा नाही तर दोरखंड पंख्यात गेला की तो असा काही आवळून बसतो की इंजिन जळायची पाळी येते. पूर्वी बोट ओहोटीला चिखलात बसवून तो कापत. आता जैनुद्दीन होता. खाली जायचा, सुरीनं कापायचा, वर यायचा. कुणाचा नांगर खडकात अडकला, कुणाचं बुडालेलं इंजिन काढायचं, बोलवा जैनुद्दीनला. आणि तो कधी नाही म्हणाला की घाला शिव्या जैनुद्दीनला.

कारण तो नाही म्हणायचा. पुष्कळदा म्हणायचा. सर्दी झाली की सरळ सांगायचा, "आज नाय. नाक बंद हाय." नाक बंद असताना खाली गेलं की पाण्याचा दाब कानात अडकतो आणि पडदा फाटतो. बहारीनला त्याचा डावा कान असाच गेला होता. पण बोटवाल्याला त्याचं काय? त्याची बोट उभी असते, बर्फ वितळत असतो, खलाशी बसून खात असतात, आणि हा माणूस म्हणतो मला सर्दी आहे! धक्क्यावर त्याचं नावच 'सर्दी' पडलं. "सर्दी आली, सर्दी गेली." पोरंटोरं सोडा, बापये म्हणायचे. त्याचा सख्खा भाऊ सुलेमानसुद्धा म्हणायचा, पण तो हसून म्हणायचा. सुलेमान सगळंच हसून म्हणायचा.

दुसरं कारण टोपली. मासळी भरायची साधी बांबूची टोपली, तिच्या तळाला दगड बांधलेला आणि वर काथ्याची दोरी. कुठंही उतरायच्या आधी जैनुद्दीन ती पाण्यात सोडायचा. आधी एक वाव, म्हणजे दोन्ही हात पसरून होते तेवढी दोरी. थांबायचा. दोरी कुठं कलते ते बघायचा. मग आणखी एक वाव. असं तळापर्यंत. आपण काठावरून बघतो तेव्हा पाणी एकच दिसतं. तसं ते नसतं. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी वरून नदीचं गोडं पाणी बाहेर धावत असतं आणि त्याच वेळी खालचं खारं पाणी आत घुसत असतं, नाहीतर तळाशी पिळा घालत असतं. वरून बघाल तर तेलासारखं गुळगुळीत. टोपली त्या खालच्या पाण्यात गेली की भरते, ओढते, आणि दोरी खरं काय ते सांगते. जैनुद्दीनचा नियम एवढाच होता : जी टोपली एका हातानं धरवत नाही, त्या पाण्यात उतरायचं नाही.

"आणि दुसरा हात?" मी विचारलं होतं.

"दुसरा परत येन्यासाठी, भिकू."

हा नियम त्यानं पुस्तकात वाचला नव्हता. बहारीनला त्याच्यासोबत मंगळूरकडचा एक पाणबुड्या होता, दोघे एका खोलीत राहायचे. एकदा फोरमननं हातातून पडलेलं कसलंसं हत्यार काढून आणायला सांगितलं. पाणी जोरात होतं. जैनुद्दीन म्हणाला, थांबू. तो मंगळूरवाला म्हणाला, आत्ता येतो. जाताना पाण्याच्या ओढीबरोबर गेला, सोपं गेलं असणार. परत येताना त्याच ओढीच्या विरुद्ध पाय मारत बसला. सापडला तेव्हा धक्क्याच्या खांबाला अडकलेला होता. "काट्यावर हवा शिल्लक होती," जैनुद्दीन म्हणाला. "हवा संपली नव्हती. मानूस संपला होता." एवढंच बोलला, आणि तेही मी तीनदा विचारल्यावर. ह्या माणसाच्या तोंडातून शब्द काढणं म्हणजे गंजलेला नट सोडवणं. मला त्याचाही राग यायचा.

भाट्याच्या किनाऱ्यावर सहली यायच्या, घाटावरची माणसं, समुद्र पहिल्यांदा बघणारी. लाटा फुटताना बघून ती घाबरायची आणि जिथं लाट फुटत नाही अशी मधली शांत पट्टी शोधून नेमकी तिथं शिरायची. ती पट्टी शांत असते कारण किनाऱ्यावर आलेलं सगळं पाणी तिथूनच परत बाहेर जात असतं. जैनुद्दीन दिसला की धावत जाऊन हुसकायचा. "लाट फुटते तिकडं जावा! हितं नाय!" लोकांना वाटायचं म्हातारा येडा आहे. म्हातारा कसला, चाळिशीचा होता. एकदा एका साहेबानं त्याला सुनावलं की समुद्र काय तुमच्या बापाचा आहे काय. जैनुद्दीन कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभा राहिला आणि त्या साहेबाच्या बायकामुलांना हातानं अडवत राहिला, संध्याकाळ होईपर्यंत. आभार वगैरे कुणी मानले नाहीत. बुडता बुडता कुणाला बाहेर काढलं असतं तर मानले असते. असो.

आता शहाऐंशी सालच्या नारळी पुनवेचं सांगतो, कारण लोक सांगतात ते अर्धं सांगतात.

काशीराम म्हणून एक ट्रॉलरवाला होता. त्यानं नवा ट्रॉलर बांधला होता आणि त्यावर तांडेल, म्हणजे बोट हाकणारा मुख्य माणूस, म्हणून सुलेमानला घेतलं होतं. आमच्याकडं नारळी पुनवेला दर्याला नारळ दिल्याशिवाय कुणी मासेमारी सुरू करत नाही, हिंदू नाही आणि मुसलमानही नाही. जैनुद्दीनचा बाप नारळ द्यायचा, जैनुद्दीनही टोपी सावरून द्यायचा. नारळ खाडीत काठावरून सोडतात. पण काशीरामाला हौस. आपल्या नव्या ट्रॉलरचा नारळ खाडीबाहेर खुल्या समुद्रात पहिला पडला पाहिजे. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा दांडा आहे, तो ओलांडायचा म्हणजे भरती पूर्ण असताना ओलांडायचा आणि भरती मोडायच्या आत परत यायचं. पुनवेचं उधाण, वर आठ दिवसांचा पाऊस, नदी फुगलेली. सकाळी जैनुद्दीननं भावाला माझ्यासमोर सांगितलं, "पानी उतराय लागलं तर जाऊ नको. नारळ हितंच सोड."

"मालक हाय ना," सुलेमान म्हणाला, आणि हसला.

भरती दुपारी होती. भरतीच्या आधी ट्रॉलर सजून तयार होता, पताका लावल्या होत्या, सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ तबकात होता. पण पूजेला एक मोठा पाहुणा यायचा होता आणि पाहुणा उशिरा आला. मग त्याला हार, मग त्याचं भाषण. सागरपुत्रांनो वगैरे. सागरपुत्र पाण्याकडे बघत उभे, आणि पाणी उतरायला लागलेलं. भाषण संपल्यावर पाहुणा गाडीत बसून गेला. बोटीत बसला नाही, हे लक्षात घ्या.

तेव्हा तरी थांबायचं होतं. सुलेमाननं काशीरामाला सांगितलंही, धक्क्यावर पाचपन्नास माणसांनी ऐकलं. पण एकदा दर्याच्या नावानं काढलेला नारळ परत घरात आणत नाहीत. खाडीत सोडला असता तर कोण काय म्हणणार होतं? पण काशीरामानं सगळ्या गावाला सांगून ठेवलेलं, बाहेर सोडणार. आणि भोवतालचे शहाणे म्हणायला लागले, एकदा नारळ दिला की दर्या शांत होतो, परत येताना काही अडचण नाही. मी जैनुद्दीनकडे बघितलं. तो म्हणाला, "नारळ मान हाय दर्याचा. मान दिला म्हनून दर्या आपला नोकर होत नाय." हे तो मला म्हणाला. मोठ्यानं म्हणायला हवं होतं. अर्थात मोठ्यानं म्हणाला असता तर 'ह्याला आमच्या नारळाचं काय पडलंय' असं म्हणायला लोक तयारच होते. पुढं म्हणालेच.

ट्रॉलर दांडा ओलांडून गेला. नारळ पडला, फटाके वाजले. परत येताना बाहेरून येणारी लाट आणि आतून धावणारी ओहोटी दांड्यावर समोरासमोर आल्या. तिथं पाणी भिंतीसारखं उभं राहतं. ट्रॉलर थोडा आडवा झाला आणि एका लाटेत उलटला. आम्ही काठावरून बघत होतो. काशीराम आणि दोन खलाशी फेकले गेले, त्यांना होडीवाल्यांनी पलीकडच्या वाळूवरून उचलून आणलं. सुलेमान केबिनमध्ये चाकावर होता. तो दिसला नाही. ट्रॉलर खडकांच्या बाजूला घसरत जाऊन बुडाला. डोलकाठीचं टोक तेवढं वर राहिलं, त्याच्यावरच्या पताका पाण्यात लोळत होत्या.

जैनुद्दीन तोपर्यंत घराकडं धावला होता. मी मागे. दोन्ही सिलिंडर, पोशाख, टोपली घेऊन आम्ही होडीत बसलो. डोलकाठीपर्यंत जाता येईना, अलीकडं नांगर टाकला तर नांगराचा दोर तारेसारखा ताणला. त्यानं टोपली सोडली. एक वाव : बाहेर. दोन वाव : बाहेर, जास्त जोरानं. तिसऱ्याला टोपली खडकाच्या बाजूला खाली ओढली गेली आणि दोरी त्याच्या हातातून सुटत गेली, तळव्याची साल काढत. त्यानं टोपली वर घेतली. जागा बदलली. पुन्हा सोडली. तोवर मी त्याला एका कामासाठी टोपली दुसऱ्यांदा सोडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यानं किती वेळा सोडली मला माहीत नाही. शेवटच्या वेळी मी बघितलं, त्यानं दोरी दोन्ही हातांना गुंडाळली होती. दोन्ही हातांनी धरली तेव्हा टोपली स्थिर राहिली. तो बराच वेळ तसाच बसला. मग त्यानं एक हात सोडला, आणि दोरी सरसर सुटत गेली.

काठावर आलो तेव्हा सगळा राजिवडा आणि अर्धं गाव उभं होतं. पुढं शरीफा, सुलेमानची बायको. जैनुद्दीन तिला म्हणाला, "तिन्हीसांजेला पानी थांबेल. तवा उतरतो."

"तिन्हीसांजेला?" तिचा आवाज अजून माझ्या कानात आहे. "तवर त्यो राहील काय खाली? केबिनीत हवा असली तर जिता असंल त्यो! जिता असंल तुमचा भाव!"

आणि ह्या माणसानं काय सांगावं? खोटं बोलायला हवं होतं. आता काही उपयोग नाही, तो गेला, असं म्हणाला असता तर ती रडली असती आणि प्रश्न मिटला असता. तो म्हणाला, "हवा असंल. मी नाय म्हनत नाय."

तिनं त्याच्या तोंडात मारली. मोठ्या दिराच्या, भर गर्दीत.

तेव्हा काशीरामाचा धाकटा भाऊ रघू पुढं आला. रघू पोहण्यात पटाईत, मांडवीच्या शर्यतीत पहिला येणारा, अंगानं घोड्यासारखा. हौस म्हणून जैनुद्दीनबरोबर मिरकरवाड्याच्या बंदरात शांत पाण्यात दोनदा सिलिंडर लावून उतरला होता. दोनदा. त्यानं सिलिंडरला हात घातला. "भावाला मरू देताय तुम्ही! द्या इकडं, मी जातो!" लोकांनी आरोळी ठोकली. कुणी त्याच्या पाठीवर थाप मारली, कुणी नळी आणून दिली. माणूस मरायला निघाला की त्याला सामान आणून द्यायला किती हात पुढं येतात ते मी त्या दिवशी बघितलं.

जैनुद्दीन म्हणाला, "रघू, नको. टोपली धरवत नाय."

"टोपली!" रघू ओरडला. "बायकांसारखा टोपल्या घेऊन बसा तुम्ही!"

नळी अजून जोडलेली नव्हती. जैनुद्दीन वाकला आणि त्यानं सिलिंडरची झडप पूर्ण उघडली.

भरलेल्या सिलिंडरची हवा मोकळी सुटली की काय आवाज होतो ते ज्यानं ऐकलंय त्यालाच कळेल. बायका किंचाळल्या, वाळू उडाली, पुढची माणसं मागच्यांवर पडली. दुसऱ्याचीही त्यानं तशीच उघडली. रघू झडप बंद करायला धावला तर जैनुद्दीन दोन्ही सिलिंडरांवर पालथा पडला, अंगाखाली धरून. रघूनं लाथा घातल्या. आणखी दोघांनी घातल्या. मी रघूला मागून कवळ घातली आणि मलाही खायच्या तेवढ्या खाव्या लागल्या. जैनुद्दीननं हात वर केला नाही, तोंड लपवलं नाही, फक्त जागा सोडली नाही. आवाज हळूहळू बारीक झाला आणि थांबला. झडपांवर दव धरलं होतं.

आपल्या भावापर्यंत पोचायची जेवढी हवा त्या गावात होती, तेवढी त्यानं स्वतःच्या हातानं सोडून दिली. रघूची वाट बंद केली आणि स्वतःचीही. दोरी त्यानं दोन हातांना कशी गुंडाळली होती ते मी होडीत बघितलं होतं, गावानं नाही.

मग लोक माझ्यावर आले. मेस्त्री, कॉम्प्रेसर चालू कर, सिलिंडर भर! मी सांगितलं, करणार नाही, काय करायचं ते करा. आणि एक गोष्ट मला सांगायचीच आहे. रघूला एवढीच कळकळ होती तर डोलकाठी समोर दिसत होती, पाणी समोर होतं, शर्यतीत पहिला येणारा माणूस होता. तशीच उडी मारायची. कुणी हात धरला नव्हता. तो पाण्याच्या कडेपर्यंत गेला, घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहिला. ओहोटी त्याच्या पायाखालची वाळू काढत होती. त्यानं बघितलं आणि मागं फिरला. हे मी बघितलं, आणखी वीस जणांनी बघितलं. एकाला आठवत नाही.

उतरत्या उन्हात मी कॉम्प्रेसर चालू केला. तिन्हीसांजेला आम्ही पुन्हा होडी पाण्यात घातली. बरगड्या सुजलेल्या, तळवे सोललेले, तशा हातानं त्यानं टोपली सोडली. एक वाव, दोन, तीन, तळ. दोरी जड होती, पण एका हातात राहिली. त्यानं नळी तोंडात धरली आणि गेला. मी दोरी धरून बसलो. फार वेळ लागला नाही. वर आला, होडीच्या काठाला लटकला आणि म्हणाला, "दार उघडं हाय. आत कोन नाय."

बस, एवढंच. दार लाटेनं पहिल्याच फटक्यात उघडलं आणि सुलेमान तेव्हाच बाहेर ओढला गेला, की तो आत हवेत तोंड धरून वाट बघत राहिला आणि मग स्वतः उघडून निघाला, हे कुणाला माहीत नाही. जैनुद्दीनला नाही, मला नाही. चार दिवसांनी दक्षिणेला कसोप गावाच्या बाजूला मयत लागलं. त्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं. आणि लोकांना मात्र सगळं माहीत आहे! चहाच्या टपरीवर बसून सांगतात, एक तास जिवंत होता म्हणे. कुणी मोजला तास?

काशीरामाला कुणी काही बोललं नाही. पाहुण्याला तर नाहीच. त्यानं पुढच्या आठवड्यात येऊन शोकसभेत आणखी एक भाषण केलं. सगळ्याचं खापर फुटलं ते जैनुद्दीनच्या डोक्यावर. हवा सोडणारा. भावाला मारणारा. आणि हलक्या आवाजात, आमच्या नारळाचं वावडं असणारा.

शरीफा त्याच्याशी बोलली नाही. त्याच घरात राहिली, तोच घर चालवत होता. ती ताट वाढून दाराशी ठेवायची आणि आत जायची. तिच्यावर मला राग येत नाही, तेवढा हक्क मला नाही. राग येतो तो जैनुद्दीनचा. एकदा मी त्याला म्हटलं, तू दोन्ही हातांना दोरी गुंडाळली होतीस हे तरी तिला सांग. नाही तर मी सांगतो. तो म्हणाला, "सांगून काय, त्यो परत येनार?" मी कितीदा भांडलो त्याच्याशी. दगडाशी भांडणं बरं, निदान हात तरी दुखतो.

पंखे सोडवायला मात्र लोक येतच राहिले. काशीरामाची माणसंसुद्धा आली. तो जायचा, टोपली सोडायचा, एका हातानं धरवली तर उतरायचा.

तीनेक वर्षांनी मिरकरवाड्याला एका बोटीच्या कामाला आम्ही दोघं गेलो होतो. टपरीवर रघू बसलेला. मधल्या काळात त्याचं लग्न झालं होतं, मांडीवर मुलगी होती, अंगानं सुटला होता. दोन पाहुण्यांना तेच सांगत होता, आम्ही ऐकतोय हे बघून आवाज चढवून. "मी आणला असता सुलेमानला वर. हवा सोडली ना म्हाताऱ्यानं. मी तयार होतो, पट्टा बांधून तयार." सिलिंडरचा पट्टा त्यानं बांधलाच नव्हता. दर वेळी गोष्टीत एक पट्टा वाढतो.

माझ्या हातात पाना होता. मी उठलो. त्या दिवशी मी खरंच मारला असता. जैनुद्दीननं माझं मनगट धरलं.

"बोलू दे रे, भिकू."

"का म्हणून बोलू दे? तुझ्या तोंडावर?"

तो रघूकडे बघत होता, आणि त्याच्या मांडीवर पाय हलवत बसलेल्या मुलीकडे.

"बोलतोय ना," तो म्हणाला. "म्हंजे जिता हाय."

मग त्यानं माझं मनगट सोडलं आणि टपरीवाल्याला तीन चहा सांगितले. तिसरा रघूला पाठवला. रघूनं तो घेतला, फुंकर मारून प्यायला आणि पुढचं सांगायला लागला.